तांब्याच्या पट्टीची वळणं

त्याला सगळे काटकोन म्हणत. घरांच्या छपरांवर सोलर पॅनेल बसवणं हा त्याचा धंदा, आणि त्याच्या हातची वायर भिंतीवरून जाताना अशी वळायची, की जणू कुणी गुण्या लावून रेघ ओढली आहे. इतरांचं काम उरकलं की भिंतीवर वायरींचा गुंता लोंबत राहतो. याचं काम संपलं की घरमालकीण शेजारणीला हाक मारून भिंत दाखवायची. या कौतुकाची त्याला सवय झाली होती. कौतुक वाईट नव्हे. पण त्याची गोडी अशी, की ते हळूच उठून कामाच्या पुढे कधी जाऊन बसतं, ते माणसाला कळत नाही.

थोरल्या बहिणीच्या घरावर पॅनेल बसवले तेव्हा असंच झालं. पॅनेलच्या चौकटींचं अर्थिंग त्याने केलं, इन्व्हर्टरचं केलं, आणि सगळ्यांच्या डोक्याहून उंच असा वीज झेलायचा तांब्याचा दांडा उभा केला. वीज पडलीच तर दांड्यावर पडावी, तिथून तांब्याच्या जाड पट्टीने खाली उतरावी आणि जमिनीत जिरून जावी, एवढंच त्या दांड्याचं काम. पट्टी उतरवायची जवळची वाट समोरच्या भिंतीवरून होती, दाराच्या अगदी शेजारून.

ताई खाली कमरेवर हात ठेवून उभी होती. "समोरून नको हं. आत्ताच रंग दिलाय. येणाऱ्याची पहिली नजर तुझ्या त्या पट्टीवर जाईल. मागून ने ना. तुझे ते झकास कोपरे काढ."

मग त्याने पट्टी मागून नेली. गच्चीच्या कडेने कोपऱ्यापर्यंत, तिथून काटकोनात खाली, मागच्या गॅलरीतल्या खिडकीच्या छज्ज्याशी पुन्हा काटकोन, छज्ज्याला वळसा घालून वर, परत खाली, गॅलरीच्या लोखंडी कठड्याच्या अगदी जवळून, आणि मग परसातल्या खड्ड्यात. कोपरा न् कोपरा असा धारदार, की हात फिरवावासा वाटावा.

कोर्समध्ये शिकवणाऱ्या सरांनी सांगितलेलं त्याला आठवत नव्हतं, असं नाही. सर म्हणाले होते, विजेला सरळ आणि जवळची वाट द्या. वळवायचीच झाली तर नदीसारखी झोकात वळवा. टोकदार कोपरा काढलात तर ती तिथे पट्टी सोडते आणि जवळ जे लोखंड दिसेल त्यावर उडी मारते. आणि पट्टीजवळ लोखंडी कठडा असेल तर तोही पट्टीला जोडून घ्या, म्हणजे तिला उडी मारायचं कारणच उरत नाही. सगळं आठवलं. मनाने त्यावर लगेच उत्तरही दिलं, की वीज काय रोज पडते? कठड्याला क्लॅम्प आवळला तर त्याचाही रंग उडेल. माणसाचं मन मोठं लबाड. त्याला जे करायचं नसतं, त्यासाठी त्याच्याजवळ कारण आधीच तयार असतं.

ताईचे यजमान, म्हणजे त्याचे भाऊजी, बाजाच्या पेट्या दुरुस्त करीत. फुटलेला भाता सांधणं, दबलेल्या पट्ट्या उचलणं, ही कामं कुणीही करील. भाऊजींची ख्याती होती ती सूर लावण्याची. पितळेची इवलीशी जीभ कानसून, फुंकून, ऐकून, पुन्हा कानसून ते पेटी अशी सुरात आणीत, की घेऊन जाणारा दारातच बसून वाजवायला लागे. उजेड चांगला म्हणून ते मागच्या गॅलरीत बसत. कठड्याजवळ त्यांची खुर्ची, पुढ्यात उघडी पेटी, आणि उजवा कान पेटीवर झुकलेला.

त्या दुपारी आभाळ भरून आलं तेव्हाही ते तिथेच होते. एवढा सूर लागला की आत जातो, असं त्यांनी ताईला ओरडून सांगितलं. ताई भांडी आवरत होती. घर पांढरं झालं आणि त्याच क्षणी असा आवाज झाला, की फळीवरचे पेले खाली आले. ती धावत गेली तर भाऊजी खुर्चीसकट आडवे, उजव्या कानावर हात, आणि पेटी मात्र जशीच्या तशी. त्यांनी डोळे उघडले. ती त्यांना हाका मारीत होती आणि ते तिच्या ओठांकडे बघत होते.

काटकोन पोचला तोवर पाऊस थांबला होता आणि घरात माणसं जमली होती. सगळ्यांनी त्याच्यासाठी वाट केली. ताईने त्याचे दोन्ही हात धरले.

"तू होतास म्हणून आज मी सवाष्ण आहे," ती म्हणाली. "पॅनेल शाबूत, फ्रिज शाबूत, दिवे लागतायत. सगळी वीज तुझ्या दांड्याने ओढून घेतली."

"भाऊजींना काय झालं?"

"डॉक्टर येऊन गेले. आवाजाने कानाचा पडदा फाटलाय म्हणे. भरून येईल. आतल्या नसेचं मात्र आत्ताच सांगता येत नाही म्हणाले. जिवावरचं कानावर निभावलं रे."

तो गॅलरीत गेला. छज्ज्याच्या कोपऱ्यावर, त्याच्या सगळ्यांत सुबक कोपऱ्यावर, भिंतीला काळा डाग होता. त्याच्या बरोबर समोर कठड्याच्या नळीवर रंग जळून एक बारीक खड्डा पडला होता. आणि त्या दोहोंच्या मधोमध, हातभर अलीकडे, भाऊजींची खुर्ची. हे वाचायला त्याला कुणाची गरज नव्हती. वीज दांड्यावर पडली होती, पट्टीत शिरली होती, खाली निघाली होती, आणि इथे, या कोपऱ्यावर, त्याने घालून दिलेली वाट सोडून भाऊजींच्या कानाशेजारून कठड्यावर गेली होती.

तेव्हाच बोलला असता तर गोष्ट एवढ्यावर संपली असती. त्याने काय केलं? दोरीवरचं फडकं ओलं केलं आणि काळा डाग पुसायला लागला.

मागून शेजारचा बेकरीवाला आला. "बघा, किती जीव आहे बहिणीच्या घरावर. काजळीसुद्धा राहू देत नाही." मग पट्टीवर बोट फिरवत म्हणाला, "माझ्या घरावरही लाव रे बाबा असाच दांडा. पट्टीही अगदी अशीच, अशाच कोपऱ्यांची."

"बघू," काटकोन म्हणाला. फडकं काळं झालं होतं. ते त्याने घडी घालून खिशात ठेवलं. दोन दिवसांनी रंगाचा डबा आणून कठड्यावरचा तो खड्डाही बुजवला. ताईने त्यालाही मायाच म्हटलं.

भाऊजींचा पडदा भरत आला, पण उजव्या कानात ऐकू येण्याऐवजी एक शिट्टी बसली. बारीक, अखंड, चुलीवर आधण ठेवून कुणी विसरून जावं तशी. डावा कान ठीक होता. ते बोलणाऱ्याकडे डावी बाजू करून बसायला शिकले. विनोदही करायला लागले. "तुझ्या ताईला सांगितलंय, भांडायचं असेल तर उजवीकडे बसत जा." ताई हसायची आणि पदराने डोळे पुसायची. काटकोन हसायचा आणि घरी जाऊन जेवायचा नाही. बायकोने विचारलं तर म्हणे, पित्त झालंय. इतकं पित्त माणसाला कधी होत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. पण तिने विचारणं सोडलं आणि ताक पुढे ठेवू लागली.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ही सगळी मंडळी प्रार्थनामंदिरात जात. तिथे एक वयस्क बुवा गाऊन निरूपण करीत. गोष्ट सांगता सांगता त्यांचा आवाज कधी गाण्यात चढे ते कळत नसे, आणि गाता गाता ते कधी थांबून तुमच्या घरातलंच काहीतरी बोलू लागत. त्यांच्या मागे पेटीवर नेहमी भाऊजी. बुवा कुठे जाणार हे त्यांच्या बोटांना आधी कळे.

अपघातानंतर भाऊजी पहिल्यांदाच पेटीवर बसले. बुवांनी सूर धरला. पेटी वाजली ती भलत्याच जोरात. बुवांचा आवाज तिच्याखाली दबला, भाऊजींच्या ते लक्षात आलं, त्यांनी भाता हलका केला तर पेटी ऐकूच येईना. पुढे एका ठिकाणी बुवा खाली उतरले आणि पेटी वरच राहिली. सभागृहात कुणी चुळबूळ केली नाही. माणसं चांगली होती. तीच शांतता भाऊजींना टोचली असावी. त्यांनी भाता बंद केला, कडी लावली, आणि हात मांडीवर ठेवून एखाद्या श्रोत्यासारखे बसून राहिले.

बुवा तसेच पुढे गायले, काही झालंच नाही अशा तऱ्हेने. मग थांबले आणि म्हणाले, "मंडळी, आपल्या पेटीवाल्यांच्या घरावर दांडा आहे. आकाशाचा सगळा कोप त्याने अंगावर घेतला. घेतला, पण धरून ठेवला का? नाही. ज्याचं त्याला, मातीचं मातीला देऊन मोकळा झाला." आणि त्यांनी तिथल्या तिथे जुळवून गायलं:

आले ते झेलावे, धरू नये काही,
मातीचिये पायी सोडोनिया द्यावे.

"आणि तो दांडा ज्याने लावला," बुवा पुढे म्हणाले, "तो या दिव्याखाली बसलाय. मान खाली घालून बसलाय बघा. पुण्य करणाऱ्याला असंच लाजायला होतं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. ताईचा चेहरा असा उजळला होता, जणू तिचंच नाव घेतलं. काटकोन सतरंजीच्या कडेचा एक दोरा ओढत बसला. देव कुठून बोलेल याचा नेम नाही. त्या दिवशी तो बुवांच्या तोंडून बोलला, आणि बुवांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवामानाच्या बातमीत सांगितलं, की आठवडाभर संध्याकाळी गडगडाट होणार. काटकोनने हातातला चहा ठेवला, नवी पट्टी, क्लॅम्प, जमिनीत ठोकायची तांब्याची सळई, शिडी, सगळं टेम्पोत टाकलं आणि ताईकडे गेला. सांगायचं काय, ते वाटेत ठरवलं होतं.

"नवीन नियम आलाय ताई. पट्टी समोरून सरळच पाहिजे म्हणतात. मागची काढून टाकतो."

ताई मागच्या दारात कपडे पिळत होती. "काढून टाकतो? का म्हणून?"

"नियम आहे."

"नियम करणाऱ्याला म्हणावं येऊन बघ. ज्या पट्टीने माझ्या नवऱ्याला वाचवलं, ती मी काढू द्यायची? मी रोज तिला हात जोडते, तुला माहीत आहे? हसू नकोस."

"हसत नाही गं."

"मग ती शिडी परत गाडीत ठेव. चहा घे. आणि तोंड का असं, जुलाबाचं औषध घेतल्यासारखं?"

ती बादली घेऊन गॅलरीत गेली आणि कठड्यावर कपडे पसरायला लागली. ओला पंचा, त्याच्या शेजारी भाऊजींचा सदरा, बरोबर त्याच नळीवर, जिथे त्याने रंग लावला होता. काटकोन बघत उभा राहिला. खोटं बोलून पट्टी बदलता येणार नव्हती. त्याच्याच पुण्याईने ती आता बहिणीच्या घरातली देवता होऊन बसली होती.

भाऊजी आतल्या खोलीत होते. पुढ्यात एक पेटी होती, पण बंद. गिऱ्हाइकाने सूर लावायला ठेवलेली. काटकोन त्यांच्या उजवीकडे बसला. का बसला, तर तिथे मोकळी जागा होती असं त्याने स्वतःला सांगितलं. आणि बंद पेटीकडे बघत, जवळजवळ पुटपुटत, बोलून टाकलं. पट्टीचे कोपरे. सरांनी सांगितलेलं. कठडा जोडला नाही ते. डाग पुसला ते. सगळं बोलून झाल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं, की त्याची त्यालाच शरम वाटली.

भाऊजी पेटीवरची धूळ बोटाने पुसत होते. ते म्हणाले, "या बाजूला ये. या कानाशी, आणि पुन्हा सांग."

"तुम्हाला ऐकू आलं?"

"काही तरी सांगत होतास, एवढं आलं. इतका वेळ तू कधी बोलत नाहीस. ये इकडे."

त्याला उठावं लागलं, पेटीला वळसा घालून डावीकडे बसावं लागलं. आणि आता तेच सगळं, एकेक शब्द मोकळा करून, सांगावं लागलं. भाऊजी मान थोडी वाकडी करून ऐकत राहिले, पेटीचा सूर ऐकत तसे.

"कोपऱ्यावरून ती उडी मारते, हे तुला माहीत होतं?"

"शिकवलं होतं."

"म्हणजे माहीत होतं."

"हो."

"आणि मला वाटलं, ही वीज देवाने मारली," भाऊजी म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "रोज त्याच्याशी भांडत होतो मी. म्हणत होतो, दुसरं काहीही घ्यायचं होतंस. उगाच त्याला बोललो."

काटकोन म्हणाला, "मी काय करू, सांगा."

"कानाचं तू काही करू शकत नाहीस. तिला सांग. मी सांगितलं तर म्हणेल, माझ्या डोक्यालाही लागलंय." आणि तो उठल्यावर त्यांनी बंद पेटी स्वतःकडे ओढली आणि उघडलीच नाही.

ताईने उभ्या उभ्या ऐकलं. हातात कपड्यांचे चिमटे होते. तो बोलत असताना ती एकदा छज्ज्याच्या कोपऱ्याकडे बघे, एकदा कठड्याकडे. पण ज्या गोष्टीला तो भीत होता, ती तिने विचारलीच नाही. तिने वेगळंच विचारलं.

"म्हणजे ती अजूनही तशीच आहे? पुन्हा वीज पडली तर पुन्हा इथेच उडी मारेल?"

"हो."

"आणि तेव्हापासून मी रोज इथे कपडे वाळत घालतेय. तुझ्यादेखत. काल माझी धाकटी लेक इथे कठड्याला टेकून वेणी घालून घेत होती, तेव्हा तू समोर बसून शेंगा खात होतास."

त्याने मान खाली घातली. भाऊजींच्या कानाबद्दल त्याने मनात हजार वाक्यं रचून ठेवली होती. याच्यासाठी एकही नव्हतं. झालेल्या पापाचं ओझं उचलून तो इतके दिवस स्वतःभोवतीच फिरत राहिला होता, आणि होऊ घातलेलं पाप रोज डोळ्यांसमोर वाळत होतं, ते त्याला दिसत असूनही दिसलं नव्हतं.

ताईने कठड्यावरचे सगळे कपडे काढून घेतले, ओले होते तसेच. बादलीत टाकले. "समोरून ने," एवढंच म्हणाली आणि आत गेली. आतून तिने मुलीला हाक मारून सांगितलेलं त्याला ऐकू आलं, की गॅलरीच्या दाराला कडी लाव आणि मामाला चहा नको, तो कामात आहे. इतक्या वर्षांत त्या घरात त्याला चहा चुकला नव्हता.

आभाळ अजून मोकळं होतं. आधी त्याने दाराशेजारी जमिनीत खड्डा घेतला, सळई ठोकली, मीटर लावून माती वीज नीट घेते का ते तपासलं. मग शिडी लावली. नव्या रंगाच्या भिंतीवर ड्रिल चालताना रंगाचे पापुद्रे त्याच्या केसांत पडत होते. दांड्यापासून पट्टी निघाली, गच्चीच्या कडेवरून मोठ्या झोकाने खाली वळली, आणि कुठेही न थबकता सरळ जमिनीकडे निघाली. मोठ्या भिंतीवर ती उघडी आणि ओबडधोबड दिसत होती. गल्लीतून जाणारा बेकरीवाला थांबला.

"हे काय रे? ते छान कोपरे कुठे गेले?"

काटकोन शिडीवरूनच म्हणाला, "ते चुकीचे होते. त्या कोपऱ्यामुळेच भाऊजींचा कान गेला. तुमच्याकडे लावीन तो असाच लावीन, सरळ. नाही तर दुसऱ्या कुणाकडून लावून घ्या."

बेकरीवाला सायकल हातात धरून चालत निघून गेला. संध्याकाळपर्यंत हे सगळ्या गल्लीला कळणार होतं. सुट्टीच्या दिवशी बुवांनाही.

गॅलरीचा कठडा पट्टीला आता जोडायचा नव्हता, पट्टीच तिथून हटणार होती. तरी मागची जुनी पट्टी काढून झाल्यावर त्याने कठड्यालाही वेगळं अर्थिंग दिलं. क्लॅम्प आवळताना रंग उडाला. उडू दिला.

वरची शेवटची जोडणी राहिली होती. समोरची शिडी उंच, खालची माती उकरल्यामुळे भुसभुशीत. तो अर्ध्यावर गेला आणि शिडी एका अंगाला कलली. त्याने भिंत धरली. मग शिडी आपोआप स्थिर झाली. त्याने खाली पाहिलं. ताई आली होती. दोन्ही हातांनी शिडी धरून, एक पाय खालच्या दांडीवर रोवून, तोंड मात्र रस्त्याकडे फिरवून उभी होती.

त्याने जोडणी आवळली, हाताने ओढून पाहिली, पुन्हा आवळली. खाली उतरायला लागला तेव्हा ती रस्त्याकडे बघतच म्हणाली, "सावकाश उतर. पडशील. मी अजून रागावलेय."

"हो ताई."

"आणि खूप दिवस रागावणार आहे."

"हो."

तो शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत तिने हात सोडले नाहीत.